हसावी

हुफूफच्या बाजारात लाल तांदूळ
यंदा किलोला पंचेचाळीस रियाल.
अबू जवादची खाचरं मात्र सातावरून तीनवर.
झऱ्याचं पाणी खोल गेलं;
आता शहराचं धुतलेलं पाणी येतं नळीतून,
मीटर लावून, आठवड्यातून दोनदा.

लावणीला आम्ही पाच जण असायचो,
खजुरांच्या सावलीत, घोटाभर चिखलात.
बशीर मुकादम म्हणायचा, हा तर आपल्या खारातला राता,
मीठ पिऊन वाढतो मेला.
बशीर आता दम्मामला, सळया वाकवतो.
यंदा दोघंच: मी आणि सिल्हेटचा मतीन.

काल अबू जवादने वही उघडली.
पाणी, नळ्या, पोती, विक्री.
खाली चार हजार शिल्लक.
मी विचारलं, गेल्या सालाहून जास्त?
जास्तच, म्हणाला, आणि बोट ठेवलं
मजुरीच्या ओळीवर,
जिथे पाच नावं मावत नसत.

मग फडक्यात बांधून मूठभर दिलं,
सालासकट.
मी शिजवलं नाही.
श्रीवर्धनला भावाच्या खाराचा बांध फुटलाय,
तीन वर्षं समुद्रच पिकतोय तिथे.
टाकून बघ म्हणेन एका कोपऱ्यात.
तिकीट सोळा तारखेचं आहे.
जायचं फक्त.