ऊर्फ

बटण दाबलं. काही नाही.
पुन्हा दाबलं, जरा गोडीनं.
काही नाही.
शेजारी चेंदवणकरांचं झेरॉक्स धडधडत होतं,
म्हणजे लाइट होती.

शिवडी कोर्टाबाहेर सकाळचे साडेदहा.
माझ्या टेबलासमोर स्टुलावर एक बाई,
मांडीवर पिशवी, पिशवीत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला,
आणि नोटरी बसणार बारापर्यंतच.

ग्रेगरी तुस्कानोला फोन लावला.
पंधरा वर्षं तोच यायचा. आता गुडघे गेलेत.
वसईला वाडीत खुर्ची टाकून
फोनवरूनच मशिनं तपासतो.

"आधी त्याच प्लगात टेबलफॅन लाव."
लावला. फिरला.
"आता मॉनिटरची केबल काढून डब्याला लाव. सारखीच असते."
सारखीच होती. इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं.
काही नाही.
"मेन काढ. उघड."

आत माझीच धूळ, उदबत्तीची नि रस्त्याची,
कोपऱ्यात पालीच्या अंड्याचं रिकामं टरफल.
"नाक लाव. जळका वास?"
नाही.
"मग रडू नकोस."
मी रडत नव्हते.

"गेला का?" बाईनं विचारलं.
महिनाभर हाच प्रश्न लोकांनी तिला विचारलेला,
तसाच, साध्या आवाजात.

"बटण दहा सेकंद दाबून धर, आतली उरलेली वीज जाऊ दे.
आता तो मोठा जुडगा उपट, चोवीस तारांचा.
हिरवी एकच असते. काळ्या पुष्कळ.
हिरवी नि कुठलीही एक काळी, यू-पिननं जोड.
मग मेन लाव, आणि हात लांब."

एका भाडेकराराची यू-पिन सोडवली.
जोडली.
डब्यातला पंखा खोकला, अडखळला, फिरायला लागला.
"पॉवर जिवंत आहे," ग्रेगरी म्हणाला,
त्याच्यामागे एक कोंबडं अवेळी आरवत होतं,
"तिला उठ म्हणणारं कुणी नाही, एवढंच."

मेन काढून मी जुडगा परत बसवत होते
तेवढ्यात बाई सांगायला लागली, मला की डब्याला कोण जाणे:
शाळेच्या दाखल्यावर शेवंता.
लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलं अनसूया.
रेशनकार्डावर अनसूया, मतदानाला अनसूया,
नवऱ्याच्या हाकेतही अनसूयाच.
फक्त गोदीच्या कागदात, वारस म्हणून,
त्यानं लिहिलं होतं शेवंता.
का लिहिलं, ते विचारायचं राहून गेलं.
पेन्शनचा साहेब म्हणतो,
दोघींना घेऊन या.

"ऐकतेस ना?" ग्रेगरी.
"खालच्या कडेला बारीक पिना बघ. बटणाची वायर तिथं येते.
तिची टोपी काढ, दोन पिना उघड्या पडतील.
मेन लाव. त्या दोघींना, दुसऱ्या कुणाला नाही,
स्क्रूड्रायव्हरचं टोक एकदम टेकव. क्षणभर.
बटण तरी दुसरं काय करतं?"

बाईनं मोबाइलचा उजेड धरला.
तिचा हात स्थिर होता. माझा नव्हता.
टेकवलं.

एक बीप.
वसईपर्यंत ऐकू गेली असावी,
कारण ग्रेगरी म्हणाला, "बटण मेलंय. साठ रुपयांचं आहे, टाकून घे,"
आणि कोंबड्याला हाड् हाड् करत फोन ठेवला.
(अजून टाकलेलं नाही.
स्क्रूड्रायव्हर कुंकवाच्या डबीशेजारी असतो.)

झाकण न लावताच टाइप केलं:
मी, शेवंता ऊर्फ अनसूया पांडुरंग गोताड,
वय वर्षे एकसष्ट, धंदा घरकाम,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून
ती मीच आहे.

वाचून दाखवलं. तिनं पडद्यावर बोट ठेवलं,
शेवटच्या ओळीवर, काचेला ठसा उमटेल इतकं दाबून.
"हे जरा ठळक करता येईल?"

बाराला नऊ मिनिटं होती.
येईल, म्हटलं.
"त्याचे वेगळे पैसे?"
ठळकचे पैसे नसतात, बाई.