सदरहू

हल शहरात, स्प्रिंग बँकेवरच्या लॉन्ड्रीच्या डोक्यावर
माझी एक खोली, एक टेबल,
आणि शब्दामागे सात पेन्स.
रात्री गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो,
दिवसा भाषांतर.

त्याआधी देवरुखला, कोर्टासमोरच्या पत्र्याखाली
अकरा वर्षं दस्त लिहिले. कार्बन घालून, तीन प्रतींत.
माणूस एकदाच नावानं लिहायचा:
वय, धंदा, राहणार मौजे अमुक.
मग पानभर तो नुसता सदरहू.
शाई वाचते. भांडणही.
नाव परत परत लिहिलं की
कुठंतरी वेलांटी चुकते
आणि एका वेलांटीवर दोन पिढ्या तारखा काढतात.
हे मला शिकवलं नारकर भाऊंनी,
तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेत.

मंगळवारी बाई आल्या.
पिशवीत हक्कसोडपत्र, भावानं कुरिअरनं धाडलेलं.
इथल्या इस्पितळात नर्स होत्या, चाळीस वर्षं.
मराठी बोलता बोलता मध्येच मला 'लव्ह' म्हणतात,
भाजीवालीसारख्या.
चष्मा विसरलाय, म्हणाल्या. तुम्हीच वाचा.

'लिहून देणार: चंपावती भ्रतार डेनिस वॉर्डल,
पूर्वाश्रमीची चंपावती बाबाजी खातू,
वय बहात्तर, धंदा काही नाही.'
'काही नाही?'
मी पुढं गेलो.
'सदर लिहून देणार यांचा उपरोक्त मिळकतीत
कोणताही हक्क वा हितसंबंध उरलेला नाही.
सबब मजकूर विहिरीवरही...'
'थांबा, लव्ह. कुठली विहीर?'
'वर सांगितलेली.'
'वर कुठं?'

मी बोट वर नेलं, चतुःसीमेपाशी.
पूर्वेस पाणंद, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस विहीर.
त्यांचं बोट माझ्या बोटामागून आलं,
विहिरीवर थांबलं.
'हिच्यात माझी कळशी पडलीय. तांब्याची.
आईनं दोन दिवस जेवू घातलं नाही.
ते लिहिलंय वर?'

नव्हतं.
वर एक पहिली ओळ असते फक्त,
बाकीचे शब्द माना वळवून तिच्याकडं बघत राहतात.

'हे सदर सदर किती वेळा आहे?'
मोजलं. चौदा.
'जमीन घेऊ दे त्याला. विहीरही.
मी काय इथून पोहरा सोडणार?
पण चौदाही ठिकाणी माझं नाव घाला. माहेरचं.'
'मुळात नाही, बाई. भर घालता येत नाही.'
'पैसे देते.'
पैशांचा प्रश्न नव्हता.
(होताही. सदर म्हणजे सात पेन्स,
चंपावती बाबाजी खातू एकवीस.)

त्या रात्री गोदामात हंबरचा वारा शटर हलवत होता.
खोकी उचलत होतो.
प्रत्येकावर बाण, आणि छापलेलं: ही बाजू वर.
आत काय आहे ते कुणीच लिहिलं नव्हतं.

पहाटे टाइप केलं. चौदा वेळा.
खाली दाखला जोडला:
वरील भाषांतर मूळ मजकुराशी तंतोतंत जुळते.
खोटं पहिल्यांदा लिहिलं असं नाही.
फुकट पहिल्यांदा लिहिलं.

नोटरी हेबलथ्वेट. (हे नाव जिभेवर बसायला
मला स्वतःला दोन वर्षं लागली.)
मोठ्यानं वाचायची त्यांची पद्धत.
पहिल्या खातूला अडखळले, दुसऱ्याला काटू म्हणाले.
'खोकल्यासारखं म्हणा, लव्ह,' बाई म्हणाल्या.
तिसऱ्याला खरंच खोकला आला, पाणी मागवावं लागलं.
नवव्याला नाव सरळ आलं.
पुढची पाच बाईंनी डोळे मिटून ऐकली,
पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

मग पेन मागून घेतलं
आणि सही केली, बारीकशी, रोजची:
सी. वॉर्डल.