चौथा थेंब

हंसाबेननी कुंडी दिली स्टीव्हियाची.
"मीठी तुलसी छे, भाऊ."

पानं वाळवली दांडिया बाजारच्या गच्चीत,
पेपरवर, चार कोपऱ्यांना चार चमचे
वाऱ्यासाठी.
पाणी उकळायचं नाही, कढत करायचं,
पानं टाकून झाकायचं
आणि अर्धा तास तिकडे बघायचं नाही.

मी दोनदा बघितलं.
मग अजिताचा फोन आला,
आणि विसरलोच.

गाळलं तर रंग कडक चहाचा.
डोळ्यांच्या औषधाची बाटली धुऊन भरली.
कुमुदच्या कपात तीन थेंब,
चौथा लटकला, पडेना.

प्यायली. गोड आहे, म्हणाली.
मग थांबून: मागून कडू लागतंय.

पान जास्त वेळ राहिलं पाण्यात, म्हटलं.

एकेचाळीस वर्षं, म्हणाली,
आणि कप पुढे केला.