दहा पेनी

केस सरळ करून देणाऱ्या दुकानाच्या वरची खोली,
जिन्यापासूनच तापल्या फणीचा वास.
गुरुवारी रात्री, लीड्समध्ये, चॅपलटाउनला
आम्ही अकराजणी
आणि कोटांच्या ढिगावर झोपलेली चार मुलं.

आइसिल्डा हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून थेट आलेली,
हातांना अजून ब्लीच.
तिनंच मला आणलं. टायपिंग येतं ना तुला, म्हणाली.
वाटलं, इथेही टायपिंगच.

भावांच्या सभेत ती चार वर्षं होती.
आधी वंशाचा लढा, बायकांचं नंतर बघू,
म्हणत ते रिकामे कप पुढे करायचे.
नंतर म्हणजे किती तारखेला, असं तिनं एकदा विचारलं,
तर असे बघायला लागले
जणू तिनंच पोलिसांना दार उघडलंय.

मग गोऱ्या बायकांकडे गेली. तिथे सगळ्या भगिनी.
रात्री निर्धास्त फिरता यावं म्हणून मोर्चा,
मशाली, आणि मागणी जास्त पोलिसांची.
मोर्चाचा रस्ता आमच्याच गल्लीतून.
मर्लीन उठली. पोलीस येतात की आमच्याकडे, बाई,
माझ्या कॉन्रॉयला उचलला,
बसस्टॉपवर नुसता उभा होता.
इतिवृत्तात एवढंच आलं, ‘चर्चा झाली.’

मी म्हटलं, आमच्यात म्हणतात
इकडे आड, तिकडे विहीर.
मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून समजावलं.
खोली गप्प.
आइसिल्डा पोट धरून हसायला लागली.
म्हणजे दोन्हीकडे पाणीच की!
माझी आजी तीन मैल चालायची हंडाभर पाण्यासाठी.
दोर आण, पोरी.

मग एक तास वाद,
‘काळ्या’ या शब्दात मी मावते का यावर.
ग्लेनिस म्हणाली, नाही.
मी काही बोलले नाही.
माझ्या मावशीनं ग्लेनिसला
उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, मला माहीत होतं.

स्टेन्सिल अर्धी झाली आणि मीटरमधलं नाणं संपलं.
अंधार. पर्सांच्या चेना.
एक मूल झोपेत रडलं, कुणीतरी थोपटलं.
खण्णकन वाजलं, दिवा आला,
मीटरपाशी ग्लेनिस.
उसने हं, माझ्याकडे बघून म्हणाली,
हिशेबात लिही.

सायक्लोस्टाईलमधून पहिला कागद वाकडा निघाला,
शाई ओली, खालची ओळ अर्धी कापलेली.
तोच सकाळी बाजारात वाटला.

ते दहा पेनी
मी अजून दिलेले नाहीत.