पाठमोरी बाकं

चार महिने लाँच काठावर होती,
बाभळीच्या ओंडक्यांवर टेकवलेली,
पोटाचं शेवाळ सगळ्यांना दाखवत.
तेवढे दिवस आम्ही जीपनं गेलो,
येलदरीच्या पाण्याला वळसा घालून,
माझ्या मांडीवर लसीची निळी पेटी,
आणि प्रत्येक खड्ड्याला म्हणालो,
येऊ दे माय एकदाची आपली लाँच.

आली, गुरुवारी.
पांढरी. इतकी पांढरी
की प्रयागबाई चढताना चप्पल काढू लागली.
नाव होतं पूर्णामाय. आता बाजूवर
निळ्या तिरक्या अक्षरांत रॉयल पूर्णा.
लिंबाजी भोयाच्या डोक्यावर टोपी,
टोपीवर नांगर,
शेतातला नव्हे, दुसरा.

खोटं कशाला बोलू,
छत आता गळत नाही.
संडास आहे, त्याला आतून कडी आहे.
अकरा वर्षं पलीकडच्या काठापर्यंत
दम धरून बसलेली बाई आहे मी,
त्या कडीला हात जोडले.
लाइफ जॅकेट माणशी एक.
डिझेलचा वास गेला,
आणि वास गेला म्हणून की काय
झुबेदाचाचीला जन्मात पहिल्यांदा मळमळलं.

पण बाकं.

दोनच होती, लांबच्या लांब, समोरासमोर.
गुडघ्याला गुडघा, मधे दुधाचे कॅन,
कुणाचं करडू, चाचीच्या बांगड्यांची पेटी.
त्या पंचेचाळीस मिनिटांत
तीन सोयरिकी जुळल्या, एक मोडली.
एका सुनेला दिवस गेलेत
हे मी तिच्या सासूच्या आधी ओळखलं,
तिचं तोंड माझ्यासमोर होतं, म्हणून.

आता खुर्च्या. लाल, नंबरच्या,
सगळ्या पुढं तोंड करून.
पर्यटकांना पाणी दिसावं, म्हणे.
पाणी आम्ही बघितलंय.
मला दिसते नऊ नंबरची मान,
तिच्यावरचा तीळ,
आणि बारा नंबरचा उसवलेला काठ.

कंत्राटदाराचा पोरगा कार्ड वाटत फिरला:
जुन्या प्रवाशांसाठी खास,
दहा फेऱ्यांवर अकरावी फुकट.
प्रयागबाईनं कार्ड कपाळाला लावलं
आणि दह्याच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवलं.
"काऊन वो सिस्टर," माझ्या पाठीमागून आली ती,
"आता कुणाच्या तोंडाकडं बघून बोलावं?"
मी वळायला गेले तर
जॅकेटचा पट्टा गळ्याला लागला.

आणि केरबा.
केरबा शिंप्याला ऐकू येत नाही, लहानपणापासून.
ओठ वाचतो.
गावात लोक त्याच्याकडं पाठ करून बोलतात, सोयीनं.
लाँचवर पाठ करायला जागाच नव्हती,
म्हणून इथं त्याला सगळं माहीत असायचं,
कुणाचं काय शिजायलंय, कुणाचं करपलंय.
रॉयल पूर्णात तो चौदा नंबरवर बसला.
मानांकडं बघितलं.
मग खिडकीकडं.
मग खिशातली टेप काढली
आणि स्वतःचाच गुडघा मोजत राहिला.

पुढच्या गुरुवारी तसंच.

तिसऱ्या गुरुवारी सगळ्यांच्या आधी चढला,
पहिल्या रांगेत गेला,
खुर्चीवर उलटे गुडघे टेकले,
शाळेतल्या पोरासारखी पाठीवर हनुवटी ठेवली
आणि आमच्याकडं बघायला लागला.

पोरगा ओरडला, काका, सरळ बसा!
केरबाला ऐकू आलं नाही.

लिंबाजीनं आरशातून बघितलं.
टोपी काढून मांडीवर ठेवली,
इंजिन जरा उतरवलं.

प्रयागबाईच बोलली आधी,
ओठ मोठे करून, दातांची फट दाखवत:
"याली रे म्हैस. रेडाच झाला बग."
केरबा फिसकन हसला,
हातानं दोन शिंगं करून विचारलं, एवढा?

मागच्या रांगांना काही कळेना.
काय झालं, काय म्हणाली, करत
एकेक मान
खुर्चीवरून उठायला लागली.