निळा दोरा, तांबडा दोरा

पोत्यांची तोंडं रात्री आम्हीच शिवायचो,
काहींना निळा दोरा, काहींना तांबडा.
मीठ दोन्हींत एकच, एकाच समुद्राचं.
निळ्यात फ्लोराइड मिसळलेलं,
जिभेला पत्ता लागू नये इतकं.

निळी पोती सान फर्मिनला,
तांबडी काउका ओलांडून ला कुचियाला.
घाटापर्यंत एकाच खेचरावर दोन्ही,
तिथून वाटा फुटायच्या.

मी दात मोजायचो.
आरसा, आकडी, वही.
शाळेच्या ओसरीवर आ वासून उभी पोरं,
गालात पानेलाचा खडा, ऊसगोड, तपकिरी.
थुंक म्हटलं की गिळून टाकायची.
किडका दात म्हणजे फुली,
उपटलेला म्हणजे शून्य.

चौथ्या वर्षी सान फर्मिनच्या पानांवर
फुल्या विरळ होत गेल्या.
ला कुचियाची पानं
होती तशीच, काळीभोर.

तिथं उबाल्दिना दर फेरीला मला जेवू घालायची.
हसताना तोंडावर हात धरायची,
पिठाचाच हात, आरेपा थापता थापता.
चिमटीतून मीठ सोडत एकदा म्हणाली,
'दाक्तर, आमचं मीठ कुठलं?'
मी दाक्तर नव्हतो.
म्हटलं, 'मीठ ते मीठ.'
तिचा नेमेसिओ कोपऱ्यात,
गालाला गरम राखेची पुरचुंडी लावून.
नऊ वर्षांचा. चार फुल्या, दोन शून्यं.

तुलनेला एक गाव लागतंच,
मोठे डॉक्टर म्हणायचे. खरंच होतं ते.
तुलनेशिवाय कोण मानणार होतं?
मीही मान डोलावली,
आणि पुढच्या फेरीला रुमालात बांधून
निळ्या पोत्यातलं मूठभर मीठ नेलं,
तिची पाठ वळताच तिच्या बरणीत ओतलं.

मुठीनं काय होतं?
रोज लागतं ते, वर्षानुवर्षं, न चुकता.
मला हे पाठ होतं.
बरणी हलवून वर-खाली केली तेवढी,
चोरानं चोरी उलटी करावी तशी.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी सात वर्षं तांबड्या दोऱ्याचं खाल्लं.

आठव्या वर्षी हिशेब पुरा झाला.
तांबडा दोरा बंद.
ला कुचियाला पहिलं निळं पोतं गेलं
तेव्हा खेचराबरोबर मीच चाललो, गरज नसताना.
नेमेसिओनं पोतं खांद्यावर घेतलं.
सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला,
बोलताना तोंडावर हात, आईसारखा.

'रंग बदलला,' तो म्हणाला.
मग मी सांगितलं. सगळं. रुमालासकट.
उबाल्दिना तोवर गेलेली होती.

तो काहीच बोलला नाही.
दातांनी दोरा तोडायला गेला,
थांबला,
चाकूनं कापला.
दोऱ्याची गुंडाळी केली आणि खिशात टाकली.
चांगला जाड दोरा होता,
जोड्याला टाका घालायला चालला असता.