पाठवणावळ

दहा तारखेला सुबल मैती येतो,
नखांच्या कडांत पिवळं.
घाटालला अठरा हजार.
शेटकडनं उचल घेतल्याचं सांगत नाही तो,
मला आकड्यावरनं कळतं.

टेकबहादूर रोका पंधराच्या पुढं कधीतरी,
दुकानामागं पन्नास गोळा झाले की.
रबर लावलेल्या घामट नोटा.
अछामला चार हजार, कधी साडेतीनच.
मोजून होईतो शिट्टी माझ्या काउंटरवर.

गुजरीतला एकच बोळ.
हा जाळीच्या आत दिव्याखाली वाकलेला,
तो जाळीच्या बाहेर.
सुबलच्या माणसांचं मंडळ आहे, दुर्गा बसते,
मालकाशी भांडायला एक बोलका काका आहे.
टेकबहादूरला 'ए बहादूर' आहे.
पहाटे झारेकरी बोळ झाडून नेतात,
सुबलच्या अंगावरनं सांडलेलंसुद्धा विकलं जातं.
टेकबहादूर तेव्हा घराकडं चाललेला असतो,
घर म्हणजे उत्तरेश्वर पेठेतला एक जिना,
त्याच्या खालची जागा.

काल तो नोटा मोजत होता
आणि विश्वजितचा फोन आला, हंगेरीतनं.
बॅटरीचा कारखाना, एका खोलीत सहा खाटा.
म्हणाला, आई, फिलिपिनोंना जादा तास मिळतात,
त्यांचा एजंट भारी आहे.
आमचा उचलत नाही फोन.
बरं, म्हटलं. जेवलास का?

फोन ठेवला.
सुबलकडनं चाळीस घेतले होते,
टेकबहादूरकडनंही चाळीसच घेतले.
तिकडं किती घेतात,
विचारायचं राहिलं.